बारावीनंतर माध्यमं शिकायची, तीही सोलापुरात

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीला बारावीनंतर माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम घ्यायचा आहे. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी अशी तिची भाषांची ये-जा चालते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचा व्हिडिओ तिने काढला आणि तो बराच फिरला. तेव्हापासून तिने हे डोक्यात घेतलं आहे. तिने दोघांना सल्ला विचारला आणि दोघांनी अगदी उलट सल्ले दिले. एक आमचे अण्णा. प्रूफं वाचण्यापासून सुरुवात करून त्यांचं सगळं आयुष्य दैनिकाच्या डेस्कवर गेलं. दुसऱ्या ताई, ज्या महाविद्यालयात माध्यमं हाच विषय शिकवतात. प्रश्न एका मुलीपुरता नाही. जिल्ह्यातून दर जूनमध्ये अशी मुलं विचारत येतात आणि त्यांना बहुतेक वेळा कौतुक तरी मिळतं किंवा टिंगल तरी. म्हणून मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि जे ऐकलं ते, फापटपसारा वगळून, इथे मांडतो आहे.

अण्णा: माझं म्हणणं सरळ आहे. पोरीनं अर्थशास्त्र घ्यावं, राज्यशास्त्र घ्यावं, मराठी घ्यावं, जमत असेल तर संख्याशास्त्र घ्यावं. तीन वर्षं एका विषयात मुरावं. बातमीचं तंत्र नंतर शिकता येतं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ पासून आहे. तिथं लोक आधी कसली तरी पदवी घेऊन यायचे. कुणी कायदा शिकलेला, कुणी शेती. त्या विषयाची बातमी आली की तो माणूस बरोबर कामाला यायचा. आता तुम्ही बारावीच्या पोराला थेट माध्यमं शिकवायलात. जातं घेतलंय, दळायला दाणे कुठायत?

ताई: अण्णा, तुम्ही स्वतः कुठली पदवी घेऊन डेस्कवर आलात?

अण्णा: पदवी नंतर झाली, बाहेरून. पण मला शिकवणारी माणसं होती. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमी मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा मुख्य उपसंपादकांनी ती वाचून परत दिली. म्हणाले, मागच्या वर्षीचा आकडा कुठाय? जमेची बाजू कुठाय? इंट्रोत आयुक्तांचं नाव कशाला? तीनदा लिहायला लावली. दुसऱ्या दिवशी छापून आली तेव्हा त्यात माझी एक ओळ शिल्लक होती.

ताई: तेच विचारते. तो मुख्य उपसंपादक आज कुठे आहे? प्रूफवाचकांचा विभाग उठला. पानं दुसऱ्या शहरात लागतात. तालुक्याचा प्रतिनिधी मोबाइलवर मजकूर टाइप करून पाठवतो, तो जवळजवळ तसाच छापला जातो. त्याच्या हातात ना कुणी कॉपी परत देतं, ना मागच्या वर्षीचा आकडा विचारतं. उलट दिवाळी अंकाच्या, वाढदिवसाच्या जाहिराती किती आणल्या, हे मात्र विचारतात, कारण त्याचं घर बातमीवर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. तुम्हाला जे डेस्कवर फुकट मिळालं, ते शिकवायची जागाच आता राहिलेली नाही. मग ते शिकवायचं कुणी? वर्गातच शिकवावं लागणार.

मला वाटतं, या वादाची गाठ इथेच आहे. माध्यमांची पदवी हवी की नको हा प्रश्न आपण विद्यापीठाचा समजतो. तो मुळात वर्तमानपत्रांनी आपलं शिकवण्याचं काम सोडलं त्यातून आलेला आहे. अण्णांनीही मान डोलावली, पण ते तिथे थांबले नाहीत.

अण्णा: मान्य. मग शिकवा की! पण तुम्ही शिकवताय काय? तुमच्या एका विद्यार्थ्यानं मला लॅसवेलचं सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं. कोण बोलतो, काय बोलतो, कुठल्या माध्यमातून, कुणाला, आणि परिणाम काय. मी म्हटलं छान. मग त्याच्यापुढे महापालिकेच्या सभेची विषयपत्रिका ठेवली. त्याला उपसूचना म्हणजे काय ते माहीत नव्हतं. स्थायी समिती कशाला असते ते माहीत नव्हतं.

ताई: त्याला विषयपत्रिका दाखवायला हवी होती, हे माझ्या पदरात घाला. पण लॅसवेलला हसू नका. साखर कारखान्याची निवडणूक लागली की आपल्या जिल्ह्यात सभासदांच्या मोबाइलवर काय काय येतं, तुम्ही पाहता. उसाच्या दराची जुनी पावती, कापलेली भाषणं, कुणाचं तरी कात्रण, त्यावर तारीख नाही. हे कुणी बनवलं, कुणासाठी, कशासाठी, असे सूत्रातले पाच प्रश्न घेऊन मुलं बसली की सूत्र पाठांतरापुरतं राहत नाही. मी तो तास तसाच घेते.

अण्णा: घेत असशील. सगळे घेत नाहीत.

ताई: सगळे घेत नाहीत. पण अर्थशास्त्राच्या वर्गात तरी सगळे कुठे महापालिकेचं अंदाजपत्रक उघडतात? पुस्तकातली मागणी-पुरवठ्याची वक्ररेषा पाठ करून पदवीधर झालेली पोरं मी दाखवते तुम्हाला. वाईट शिकवणं ही एकट्या माध्यम विभागाची मक्तेदारी नाही. आणि दुसरं, तुमच्या सल्ल्याला पाच वर्षं लागतात. आधी तीन वर्षं अर्थशास्त्र, मग पत्रकारितेची दोन. आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या मास कम्युनिकेशन विभागात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे, हे मला ठाऊक आहे. पण या मुलीच्या घरी मागावर बसणारा बाप आणि विड्या वळणारी आई आहे. घर तिला तीन वर्षं देईल. चौथ्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात होईल किंवा धाकट्याची फी भरायची असेल. पाच वर्षांची वाट ही ज्यांच्याकडे पाच वर्षं आहेत त्यांची.

यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. विड्या वळणाऱ्या बायका हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी घेतात. पानं खराब निघाली की तेवढ्या विड्या नाकारल्या जातात. अशा घरातून वर्षाचा हिशोब निघतो तेव्हा तो फार काटेकोर असतो. शिक्षणावरच्या आपल्या चर्चांमध्ये ‘आधी पाया पक्का करा’ हे वाक्य सहज येतं. पाया पक्का होईपर्यंतचा खर्च कोण करणार, हे त्याच्या पुढचं वाक्य मात्र कुणी बोलत नाही.

अण्णा: बरं, मग नागराज मंजुळे घे. आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस. आधी त्यानं पुण्यात मराठीत एमए केलं. कविता लिहिल्या. मग अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकायला गेला. तोवर सांगायला त्याच्याजवळ भरपूर साठलेलं होतं. म्हणून ‘पिस्तुल्या’ झाला, म्हणून ‘फँड्री’ झाला. बारावीनंतर लगेच कॅमेरा हातात आला असता तर?

ताई: मीही नागराजचंच उदाहरण देणार होते, पण उलट बाजूनं. ‘पिस्तुल्या’ हा त्यानं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला लघुपट होता. त्याला २०१० चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो काही मुंबईच्या फिल्म सिटीतून आला नाही, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधूनही नाही. जिल्ह्याच्या गावातल्या एका साध्या कॉलेजच्या माध्यम विभागातून आला. त्या विभागाने लघुपट करा म्हटलं नसतं, कॅमेरा-संकलनाची सोय दिली नसती, तर जेऊरचं ते जगणं कवितेत राहिलं असतं, पडद्यावर कदाचित आलंच नसतं. सांगण्यासारखं त्याच्याजवळ होतं, हे तुमचं खरं. पण ते एमएमुळे आलं का? ते जेऊरनं दिलं. या मुलीला पूर्व भागानं दिलेलंच आहे.

अण्णा: एमएनं वाचन दिलं. ते विसरू नकोस.

ताई: नाही विसरत. वाचन नसेल तर माझी पदवी पोकळ आहे, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

इथून बोलणं कायद्याकडे वळलं. त्याला कारण होतं. हल्ली जिल्ह्यात गावोगावी यूट्यूबवरची बातम्यांची चॅनेलं निघाली आहेत. एक माइक, त्यावर लोगोचा ठोकळा, आणि मोबाइल. अण्णांना ती मुळीच आवडत नाहीत. मला त्यांच्याबद्दल सरसकट वाईट बोलवत नाही. मोठी वर्तमानपत्रं ज्या वाडीवर कधी फिरकत नाहीत, तिथली फुटलेली पाइपलाइन हीच पोरं दाखवतात. पण धोका खरा आहे.

ताई: २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ बघा. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी द्यायचं नाही. नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही, शाळा नाही, वस्तीसुद्धा नाही. मोडलं तर सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि प्रकाशकही जबाबदार. आता आठवा, अशी घटना घडली की ही चॅनेलं काय दाखवतात. घराचं दार, गल्ली, शेजारणीची मुलाखत. ही पोरं दुष्ट नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या व्हिडिओबरोबर जातं. तीन वर्षांत दुसरं काही जमलं नाही आणि एवढं एक कलम शंभर मुलांच्या अंगात भिनलं, तरी माझा पगार वसूल झाला असं मी समजेन.

अण्णा: हे मात्र डेस्कवर मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या वेळी तर बलात्काराच्या बातमीत गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं जायचं.

ताई: आणि माहिती अधिकार. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलानं एक अर्ज स्वतः करायचा, अशी माझी अट आहे. एकानं आपल्या वॉर्डात पाणी किती दिवसांआड सोडलं याची नोंद मागितली. उत्तर अर्धवट आलं, मग अपील केलं. तोवर शेजारच्या बायकांकडून त्यानं कॅलेंडरवरच्या खुणा जमवल्या. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, आणि सोलापूर शहराला नळाचं पाणी काही दिवसांआड. या एका प्रश्नात धरण, पाइपलाइन, शेती, राजकारण, वीजबिल, सगळं येतं. हे शिकायला मुंबईला जायची काय गरज?

अण्णा: मग मुंबईचा अभ्यासक्रम उचलता कशाला?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम महाराष्ट्रात या पदवीचा नमुना ठरला. पुढे तिचं नाव बदलून बीएएमएमसी झालं. तिथे शेवटच्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता, अशी निवड करावी लागते. मुंबईत त्याला अर्थ आहे. जाहिरात संस्था आहेत, वाहिन्या आहेत, स्टुडिओ आहेत. तोच साचा जिल्ह्याच्या गावात आणला की मुलं मोठ्या ब्रँडच्या काल्पनिक मोहिमा आखतात आणि बाजारपेठेतल्या चादर विक्रेत्याला भौगोलिक मानांकन म्हणजे काय ते कसं समजवायचं, हा प्रकल्प कुणी करत नाही. सोलापुरी चादरीला ते मानांकन आहे, आणि बाहेरच्या गावांत तिच्या नावावर काहीही विकलं जातं, हे इथल्या कुणाही विणकराला विचारा.

अण्णा: आणि जाहिरात, जनसंपर्क, पत्रकारिता हे सगळं एकाच पदवीत कालवायचं, याला माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. सकाळी शिकायचं की सत्तेला प्रश्न कसा विचारायचा आणि दुपारी शिकायचं की प्रश्न कसा टाळायचा. तुमची पोरं शेवटी जातात कुठं? पुढाऱ्याचं फेसबुक सांभाळायला. हॉस्पिटलच्या रीळ करायला. मंगल कार्यालयाच्या ड्रोनवर.

ताई: जातात. कारण तिथं महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात आणि तुमच्या दैनिकात मिळत नाहीत. त्यांना दोष द्यायचा नैतिक अधिकार मला नाही. पण दोन्ही शिकलेल्या मुलाला प्रेसनोट आणि बातमी यातला फरक तरी कळतो. २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, आठवतं? विमानसेवेला अडथळा म्हणून. ती कोसळतानाचा व्हिडिओ सगळ्या सोलापूरनं पाहिला. काही सेकंदांचा. त्यामागे कित्येक वर्षांची भांडणं होती, नोटिसा, कोर्ट, सभासदांची आंदोलनं. माझ्या वर्गात मी विचारलं, कुणाची बाजू काय होती? एकालाही नीट सांगता आलं नाही. आम्ही त्यावर तीन आठवडे घालवले. कारखान्याचं म्हणणं वेगळं, विमानतळ मागणाऱ्यांचं वेगळं, महापालिकेचं तिसरंच. जनसंपर्क शिकवला नसता तर कुठलं निवेदन कुणी कशासाठी काढलं, हे मुलांना उलगडलं नसतं.

अण्णा: हे वाटून शिकव. एकाच वर्षात, एकाच वहीत नको.

ताई: हे मात्र मी विचारात घेते.

अण्णांचा आवाज पुढे चढला तो इतिहासावरून. ते म्हणाले, या शहरात पत्रकारिता शिकणाऱ्या मुलाला चार हुतात्मा चौकातून जाताना काय माहीत असतं? १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. यातले कुर्बान हुसेन पत्रकार होते, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना मार्शल लॉखालीच तुरुंगात धाडलं गेलं. गिरणगावात छापखाना चालवणं म्हणजे काय होतं, हे कळायला इथल्या मुलाला लंडनच्या वृत्तपत्रांचा इतिहास वाचायची गरज नाही.

ताई: अण्णा, हे तुम्ही येऊन वर्गात सांगा. दर वर्षी सहा जानेवारीला, ‘दर्पण’च्या आठवणीत पत्रकार दिन होतो. हारतुरे, सत्कार. बाळशास्त्री जांभेकरांचं नाव सगळ्यांना येतं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तेही आता बऱ्याच जणांना येतं. पण ‘गझनफर’ माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं ऐकलेलं नसतं.

अण्णा: येतो. पण मराठीत लिहायला लावशील तरच येतो. मला तुमच्या पोरांची मराठी वाचवत नाही. प्रेसनोट एआयला देतात आणि तो जे देतो ते चिकटवतात. ‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’. कर्ता कुठं, क्रियापद कुठं.

ताई: त्यात मी तुमच्यापेक्षा कडक आहे. पण मराठी एके मराठी मला चालणार नाही. या मुलीला तेलुगू बोलता येतं. कन्नड कळतं. दखनीत ती शेजारच्या खालाजानशी भांडते. कुंभारीला कामगारांच्या रे नगर वसाहतीची घरं झाली. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान आले, पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या, त्या दिवशी देशभरचे कॅमेरे होते. तिथं राहायला गेलेल्या विडी कामगार बाईला पानं आणायला आणि विड्या द्यायला जाण्या-येण्यात किती पैसे जातात? पोरांची शाळा बदलली का? हे विचारायचं तर तिच्या भाषेत विचारावं लागतं. पुण्याहून आलेल्या बातमीदाराला दुभाष्या लागेल. हिला लागणार नाही. आमच्या अभ्यासक्रमात या भाषांना एकही श्रेयांक नाही, ही माझी तक्रार आहे आणि मी ती बैठकीत मांडत आले आहे.

हे ऐकताना मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. सोलापुरात ही पदवी घेण्याचं सगळ्यात सबळ कारण सोलापूरच आहे. आकाशवाणीचं केंद्र इथे आहे, दैनिकं आहेत, चार भाषा बोलणारं गाव आहे, पंढरपूरची वारी तासाभराच्या अंतरावर येते. २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ निघालं, तोवर इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. एका जिल्ह्याचं विद्यापीठ म्हणून त्याला अनेकांनी नाकं मुरडली. माध्यमं शिकवायला मात्र एक जिल्हा हा नेमका हाताशी येणारा आवाका आहे. त्याचा उपयोग करायचा की मुंबईची धाकटी आवृत्ती काढायची, एवढाच प्रश्न उरतो. पदवीच्या विरोधातला अण्णांचा राग मला या दुसऱ्या गोष्टीवरचा राग वाटतो, आणि तो रास्त आहे.

शेवटी दोघे मुलीच्या प्रवेशाकडे वळले.

अण्णा: तरी माझा विषयाचा मुद्दा राहतोच. दाणे कुठून आणणार?

ताई: नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर आहे. २०२४ पासून आपल्या संलग्न महाविद्यालयांतही ते आलं. तिनं मेजर माध्यमं घ्यावी आणि मायनर अर्थशास्त्र. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही त्यात श्रेयांक आहेत. ते तिनं स्टुडिओत बसून मिळवू नयेत, महापालिकेची सभा कव्हर करून मिळवावेत.

अण्णा: कागदावर छान आहे. पण कॉलेज म्हणालं, मायनरला अर्थशास्त्र नाही, वेळापत्रकात बसत नाही, जे आहे ते घ्या. मग?

ताई: मग तिनं माझ्याकडे येऊ नये. अर्थशास्त्राला प्रवेश घ्यावा, तुम्ही म्हणता तसा. शनिवारी तिनं माझ्या वर्गात बसावं, मी नाव विचारणार नाही.

अण्णा: आणि मिळालं मायनर तर?

ताई: तर दुसऱ्या वर्षीचं अंदाजपत्रक तुम्ही शिकवायचं. तिची बातमी तीनदा परत द्यायची.

अण्णा: चारदा. आता चार भाषा म्हणालीस ना. पण ते जाहिरातीचं वेगळं काढायचं आधी बघ, त्यावर मी हटणार नाही.